चांदणीखालची ओळ

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी प्रयोगशाळेच्या खिडकीतून एक रिपोर्ट परत आत आला. रिपोर्ट बाहेर जातात, आत येत नाहीत. बावीस वर्षांच्या नोकरीत परत आलेला एकच खिडकीमागच्या टेक्निशियनला आठवत होता, एका आजोबांचा, वय दोन वर्षांनी जास्त लावलं म्हणून. त्यामुळे हा कागद त्यानं आधी उलटा धरला, मग सुलटा, मग काचेकडे पाहिलं. काचेला खाली अर्धगोल भोक होतं आणि त्या भोकातून एक हात आत आला होता. तर्जनीवर लाल शाईचा डाग होता. ते बोट कागदावरच्या एका आकड्यापाशी जाऊन थांबलं.

"दादा, ही चांदणी कशाची?"

"कसली चांदणी?"

"ही काय, अठराच्या डोक्यावर. चांदणी आहे म्हणजे खाली टीप हवी. खाली काही नाही. पाठीमागं पण बघितलं मी."

"ते छापीलच आहे, ताई."

"छापील आहे म्हणूनच विचारते. हातानं काढलेली असती तर म्हटलं असतं, पेन टेकलं असेल." बाई काचेपलीकडे जरा वाकली. तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे होते, पण आवाज ठाम होता. "मी छापखान्यात प्रुफं तपासते. अशी चांदणी सुटली की मला बोलणी बसतात. इथं कुणाला बसतात?"

"डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर म्हणाले लॅबला विचारा. आता तुम्ही म्हणाल छापखान्याला विचारा, म्हणजे मी फिरून माझ्याचकडे."

एरवी तो हसला असता. त्यानं अठराकडे पाहिलं, अठराच्या डोक्यावरच्या त्या सहा टोकांच्या बारीक खुणेकडे पाहिलं, आणि मग कागदाच्या रिकाम्या तळाकडे. "पंधरा मिनिटं बसता का?" तो म्हणाला. "बसते की," ती म्हणाली, "मुलगी वर वॉर्डात झोपलीय. सव्वाबारापर्यंत मला दुसरं काय काम आहे?"

प्रयोगशाळेत त्याला फूटपट्टी म्हणत. तोंडावर फूटपट्टीसाहेब, पाठीमागं नुसतंच फूटपट्टी, आणि दोन्ही त्याला ठाऊक होतं. त्याच्या एप्रनच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी असे, आणि 'जवळजवळ', 'साधारण', 'असेल सतरा-अठरा' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते. घरीही तेच. लग्नाआधी त्यानं पाठवलेल्या पत्रात डाव्या बाजूला समास सोडला होता, असं बायको अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. काम तसं साधंच. रक्त मिसळलेल्या तांबड्या अगारच्या जेलीच्या प्लेटवर जंतू सारवायचे, वर औषधाची कागदी चकती ठेवायची, प्लेट रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी चकतीभोवती एक मोकळं रिंगण दिसतं. रिंगण मोठं, तर जंतू औषधापुढं हटला. लहान, तर नाही हटला. कानाच्या पुवात सापडणारा हा जंतू मात्र लबाड, कारण तो आपल्याभोवती हिरवट सावली टाकतो आणि नवशिका माणूस त्या सावलीची कड मोजून मोकळा होतो. फूटपट्टी प्लेट तिरकी धरे, उजेडात हळूहळू फिरवी, आणि सावलीच्या आत जिथं खरी वाढ संपते ती रेघ सापडली की श्वास रोखून आकडा वाचे. काल सकाळी त्यानं असाच वाचला होता. अठरा. सतरा नाही आणि एकोणीस नाही. त्या आकड्याबद्दल आजही त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मोजमाप चुकलं नव्हतं. आकड्याच्या पुढचं वाक्य चुकलं होतं, आणि ते वाक्य त्याचं होतं: 'दाद देत नाही.'

अकरा वर्षांपूर्वी हा रिपोर्ट दोन पानांचा होता. दुसरं पान हरवतं, अशी वॉर्डांची ओरड होती. एका पानात बसवा, असा वरून हुकूम आला, आणि समास ज्याला कळतात त्याच्याकडे ते काम आपसूक आलं. तीन संध्याकाळी तो त्यावर बसला होता. ओळ ओळ खरवडून काढत होता, पण शेवटी दोन ओळी उरल्याच. एक तर रुग्णालयाच्या शिक्क्याची जागा जाणार होती, नाहीतर तळाची टीप. टीप त्याला पाठ होती: रिंगण वीस मिलिमीटरपेक्षा कमी आल्यास जंतू औषधाला दाद देत नाही असे समजू नये, पट्टीचाचणी करून मगच निर्णय द्यावा. कारण ती चकती खऱ्या औषधाची नव्हतीच. ते चाळणीपुरतं वापरायचं दुसरंच कडक औषध होतं. त्याचं रिंगण वीस पडलं, तर मुलांना देतात ते जुनं गुलाबी औषध चालणार, हे नक्की. वीस नाही पडलं, तर काहीच नक्की नाही. पुन्हा विचारा, एवढाच त्याचा अर्थ. ही टीप लॅबच्या माणसांसाठी आहे आणि लॅबच्या माणसांना ती पाठ आहे, असं त्यानं तेव्हा स्वतःला सांगितलं आणि कळ दाबली. टीप गेली. चांदणी आकड्याला चिकटलेली होती म्हणून राहिली. आणि आकड्यापुढं संगणकानं आपोआप भरायचे दोन शब्दप्रयोग त्यानंच बसवले होते: वीस आणि वर असेल तर 'दाद देतो', वीसच्या आत असेल तर 'दाद देत नाही'. त्या 'दाद'वर तो खूश होता. आधीच्या कागदावर 'संवेदनशील' होतं, आणि एका बाईनं विचारलं होतं, म्हणजे जंतू हळवा आहे का?

दाद हा शब्द त्याला वडिलांकडून मिळाला होता. वडील रेडिओ दुरुस्त करत. एका खोलीच्या दुकानात चारी भिंतींना पोटं उघडी पडलेले रेडिओ, सोल्डरचा गोडसर धूर, आणि वडील एका पेटीवर झुकून तिला हाका मारल्यासारखे बोलत असत. दाद देत नाही लेकाचा. गिऱ्हाईक तेच म्हणत आलं की मात्र वडील चिडत. "दाद देत नाही म्हणू नका. आपण नीट विचारलं का ते आधी बघा." मग ते एखादी तार हलवत, कुठं टिचकी मारत, बटण केसभर मागं नेत, आणि खरखरीतून अचानक माणसाचा आवाज उघडे. लहान फूटपट्टीच्या अंगावर दर वेळी काटा येई. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याला कितीदा आठवलं असेल, दुकानासकट, धुरासकट. आणि तरीही रोज सकाळी तो त्याच शब्दात मुलांचे कान निकालात काढत होता. जे पाठ असतं ते दिसत नाही. तपासणीला बाहेरून अधिकारी आले की ही टीप तो घडाघडा म्हणून दाखवी, आणि अधिकारी मान डोलवत. दाद देत.

मागणीपत्रावर मुलीचा इतिहास चार ओळींत होता. वय चार. डावा कान या वर्षात चौथ्यांदा वाहतोय. गुलाबी औषध दोनदा नेहमीच्या मापात दिलं, दोन्ही वेळा कान पुन्हा फुटला. तिसऱ्या वेळी शिरेतून इंजेक्शन सुरू केलं, तर दुसऱ्या दिवशी अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. ते कायमचं बंद. आता उरलं होतं शेवटच्या फळीतलं औषध, दर दोन दिवसांनी रक्तात मोजत मोजत द्यायचं, कारण माप जरा चुकलं तर ते मूत्रपिंडाला आणि क्वचित कानालाही अपाय करतं. कान वाचवायला कानाशीच जुगार. डॉक्टरांनी ते ज्याच्या जोरावर लिहिलं होतं तो कागद फूटपट्टीच्या हातात होता. सव्वाबाराला पहिली बाटली लागणार होती.

विभागाच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणत. तो त्यांच्या टेबलापुढं उभा राहिला आणि कागद ठेवला.

"आपण 'रेझिस्टंट' कुठं लिहितो?" बाई म्हणाल्या. "आपण नुसतं..."

"दाद देत नाही, असं लिहितो."

"ते तुझं मराठी."

"हो. माझंच."

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. चांदणीपाशी त्या थांबल्याचं त्याला कळलं. "पण याच्यापुढं पट्टी लावतोच ना आपण?"

"मेंदूच्या पाण्याचे नमुने असले तर लावतो. कानाच्या पुवाला नाही. नुसता कानच तर आहे, म्हणून."

"डॉक्टरांना माहीत असेल की."

"त्यांना वाटतं आपण लावतो."

बाईंनी चष्मा काढला. आता त्या ओरडतील, अशी त्यानं तयारी केली. नव्हे, त्यांनी ओरडावं असंच त्याला वाटत होतं. "किती वर्षं?" "अकरा." "मग खालच्या सह्या कुणाच्या आहेत अकरा वर्षं? माझ्याच ना? तू काय एकटाच शहाणा निघालास चूक करायला?" मग त्यांनी फोन त्याच्याकडे सरकवला. "तूच बोल. मी बोलले की ते भांडतात. तू बोललास की मोजतील."

कानाचे डॉक्टर फोनवरही तोंडाला मास्क असल्यासारखे बोलत. "फूटपट्टी, रिपोर्ट तू दिलास, आता तूच म्हणतोस धरू नका?"

"आकडा धरा. वाक्य धरू नका. गुलाबी औषधाची पट्टी लावतो. दोनच्या आत आकडा आला तर दुप्पट मापात तेच औषध चालेल. कदाचित आधीच्या दोन वेळा माप कमी पडलं असेल."

"कदाचित? तू कदाचित म्हणतोयस?"

"हो."

"किती वेळ?"

"वीस तास."

"वीस तास! तुम्हा लॅबवाल्यांकडे घड्याळ असतं का रे?"

"असतं, डॉक्टर. जंतू बघत नाहीत."

पलीकडे श्वास सोडल्याचा आवाज आला. "उद्या सकाळी नऊ. नऊ म्हणजे नऊ. मधे ताप चढला, कानामागं सूज दिसली, तर तुझी पट्टी तुझ्यापाशी. मी थांबणार नाही."

बाहेर बाकावर ती प्रूफवाली हातातला जुना रिपोर्ट वाचत बसली होती, जणू अजून एखादी चूक सापडेल. त्यानं तिला सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, आपल्या कळ दाबण्यासकट. ती चांदणीवर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे वाक्य कापलंत आणि चांदणी तशीच राहिली." "हो." "आमच्याकडे नवीन पोरं करतात असं," ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली. "एक सांगू? चांदणी पण गेली असती तर मला कळलंच नसतं. अर्धी चूक केलीत ते बरं झालं."

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी त्यानं प्लेट घेतली. लॅबमधली कनिष्ठ टेक्निशियन, जिला सगळे धाकटी म्हणत, तिनं जंतूंचं पाणी ठरल्या गढूळपणाचं करून ठेवलं होतं. तीन दिशांनी सारवण झालं. आता पट्टी. बोटाएवढी प्लॅस्टिकची पट्टी, एका टोकाला औषध दाट, दुसऱ्या टोकाला विरळ, मधे बारीक आकड्यांची शिडी; आकडा लहान, तर थोडंसं औषधही पुरतं. चिमट्यानं ती अलगद प्लेटवर टेकवायची, आणि एकदा टेकली की हलवायची नाही. हलली की सगळं वाया, पुन्हा वीस तास.

"सर, मी ठेवू का?"

"का?"

"तुमचा हात..."

"हात ठीक आहे."

"हात ठीक आहे, प्लेट हलतेय."

त्यानं चिमटा तिला दिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. धाकटीनं पट्टी अशी टेकवली जशी पाण्यावर पान ठेवावं, आणि बारा चाळीसला उबवणपेटीचं दार बंद झालं. मग त्याच्या लक्षात आलं की आता करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. आणि त्या रिकाम्या जागेत दुसराच विचार येऊन बसला. समजा उद्या आकडा आठ आला. समजा हा जंतू खरोखरच हटणारा नसला. असेही असतात, त्यानं पाहिलेत, आणि दरवर्षी थोडे जास्तच. मग एका चांदणीपायी, स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला, त्यानं चार वर्षांच्या पोरीचे वीस तास खर्च केले असं होईल. अकरा वर्षांची चूक एकीकडे आणि हे वीस तास एकीकडे, यांत जड काय? त्याला वजन करता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही समोर होतं ज्याला कड नव्हती, तिरकं धरून पाहायला सावलीही नव्हती.

तीन वाजता तो वॉर्डात गेला. ज्यांचे जंतू तो वाचतो त्यांना भेटायला तो कधी गेला नव्हता. त्याला माणसं नळीवर लिहिलेल्या क्रमांकांनी ठाऊक होती. सिस्टर म्हणाल्या, "फूटपट्टीसाहेब, रस्ता चुकलात?" ताप एकशे एक पूर्णांक चार. कानामागं लाली होती, सूज नव्हती. मुलगी उशीला टेकून बसली होती, डाव्या कानात कापूस, आणि कुणी बोललं की उजवा कान पुढं करण्यासाठी अख्खं तोंड वळवत होती. त्या वळण्यात सवय होती, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"तू टोचणारा काका?"

"नाही. मी मोजणारा."

"काय मोजतो?"

"काहीही. अगदी बारीक."

तिनं करंगळी पुढं केली. त्यानं खिशातून पट्टी काढली आणि गंभीरपणे मोजली. "तीन सेंटिमीटर, सहा मिलिमीटर."

"आईची?"

आईनं लाल डागाचा हात मागं घेतला. "माझी नको. माझी झिजलीय."

संध्याकाळी घरी त्यानं बायकोला सांगितलं, आणि चौदा वर्षांच्या मुलीनं दारात उभं राहून ऐकलं. तीन वर्षांची असताना तिचाही कान वाहिला होता. नवा एकपानी रिपोर्ट लागू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. सतरा मिलिमीटर. त्यानं स्वतः मोजले होते, स्वतः कागद घरी आणला होता आणि दहा दिवस तिच्या हातापायांत शीर शोधणाऱ्या सिस्टरांना मदत म्हणून तिला स्वतः घट्ट धरून ठेवलं होतं. बाप म्हणून त्या दहा दिवसांचा त्याला कुठंतरी अभिमानही होता. तेव्हा लॅबमध्ये जंतू साठवायचा फ्रीझर नव्हता. तिचा जंतू कधीच कचऱ्यात गेला होता आणि तिच्या बाबतीत खरं काय होतं, हे आता कुणालाही कधीच कळणार नव्हतं.

"म्हणजे मला उगीच टोचलं?" मुलगी म्हणाली.

"कदाचित."

"बाबा, तुम्ही 'कदाचित' म्हणालात? आई, ऐकलंस का?"

"सकाळपासून तेच म्हणतोय मी."

"मग मला गणितात एक मार्क कमी पडला की तुम्ही पण असंच म्हणायचं. नापास समजू नये, पुन्हा विचारावं."

"तुला सतरा मार्क कमी पडतात," आतून बायको म्हणाली.

मुलगी हसत सुटली, आणि त्या हसण्यात कुठं राग दडलाय का, हे तो ऐकत राहिला. ऐकू आला नाही. ती येऊन त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि आपला उजवा दंड चोळत राहिली, कशासाठी ते न समजता. आज झोप लागणार नाही असं धरून तो आडवा झाला आणि दगडासारखा झोपला.

सकाळी आठलाच तो उबवणपेटीपुढं होता. वॉर्डातून कळलं, ताप एकशे एक, सूज नाही. आठ वीसला धाकटी आली, एप्रन चढवला, त्याच्याकडे पाहिलं. "उघडा की, सर. वीस मिनिटांनी काय बिघडतंय?"

"आठ चाळीस."

"तोवर मी म्हातारी होईन."

"मग तुला ज्येष्ठता मिळेल."

आठ चाळीसला त्यानं दार उघडलं. ऊब आणि तो ओळखीचा, किंचित आंबूस, रक्ताळ वास तोंडावर आला. प्लेट झाकणासकट बाहेर काढली, टेबलावर काळं फडकं अंथरलं, झाकण उचललं. जंतू सगळीकडे उगवले होते, दवासारखे बारीक, हिरवट. आणि मधोमध, पट्टीच्या दोन्ही अंगांना, एक लांबट मोकळी जागा होती. होडीसारखी. वरच्या टोकाला रुंद, खाली निमुळती होत होत पट्टीच्या जवळ येत गेलेली, आणि जिथं तिची कड पट्टीला टेकत होती तिथं... त्यानं वाचलं नाही. प्लेट तिरकी धरली. हिरवी सावली एका बाजूला जाऊ दिली. खरी वाढ कुठं संपते ते शोधलं. डाव्या बाजूनं पाहिलं, उजव्या बाजूनं पाहिलं. मग आपला आकडा न सांगता प्लेट धाकटीकडे दिली.

तिनं पाहिलं. तिचे ओठ आकड्याच्या आकाराचे झाले, आणि ती प्लेट घेऊन बाईंच्या खोलीकडे जवळजवळ धावली. तो मागं गेला. बाईंनी भिंग लावलं, खिडकीकडे वळल्या, आणि त्या वळलेल्या पाठीकडे पाहत उभं असताना त्याला आपल्या दोन्ही कानांत आपलंच रक्त ऐकू येत होतं.

"अर्धा," बाई म्हणाल्या.

"अर्धा," धाकटी म्हणाली.

"अर्धा," तो म्हणाला.

दोनच्या आत हवा होता. अर्धा होता. चारपट खाली, भरपूर खाली, कुणी कसंही तिरकं धरलं तरी अर्धाच. त्या एका क्षणी अठरा मिलिमीटरचं ते बंद, मुकं रिंगण आतून उघडल्यासारखं झालं. जंतू दाद देत होता; अकरा वर्षं कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. त्याला हसू आलं, मग ते आवरेना, आणि बावीस वर्षांत एप्रन घालून मोठ्यानं न हसलेला तो माणूस टेबलाला धरून हसत सुटला, तेव्हा धाकटी टाळ्या वाजवायला लागली आणि शेजारच्या रक्त-लघवीच्या विभागातली माणसं दारात येऊन विचारायला लागली, कुणाला काय झालं? आठ बावन्नला त्यानं वॉर्डात फोन लावला. डॉक्टरांनी आकडा दोनदा म्हणून घेतला. "नक्की?" "तिघांनी वाचलाय." पलीकडे मास्कआडून काहीतरी पुटपुटणं झालं, मग स्पष्ट शब्द आले. "बाटली परत पाठवतो. गुलाबीच देऊ, दुप्पट. आणि फूटपट्टी..." "हो?" "माझ्याकडे मागच्या वर्षभरातले तुझे असे बरेच कागद आहेत." "माझ्याकडे त्यांचे जंतू आहेत, डॉक्टर. फ्रीझरमध्ये. काढतो."

नऊ वाजून पाच मिनिटांनी प्रूफवाली खिडकीपाशी आली. त्यानं अर्धा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अर्धा म्हणजे चांगलं की वाईट?" आणि त्यानं चांगलं म्हटल्यावर तिनं काचेच्या भोकातून हात आत घालून त्याचा हात घट्ट धरला, तो सोडवेपर्यंत मागं रांग वाढत गेली.

तिसऱ्या दिवशी मुलीचा ताप उतरला. पाचव्या दिवशी कापूस कोरडा निघाला. सहाव्या दिवशी ती घरी गेली, जाताना जिन्यात गाणं म्हणत गेली आणि सिस्टरांनी तिला गप्प केलं नाही. त्याच दुपारी नव्या रिपोर्टचा मसुदा त्यानं प्रूफवालीकडे दिला. शिक्क्याची जागा लहान झाली होती, टीप परत आली होती, आणि वीसच्या आतल्या आकड्यापुढं आता लिहिलं होतं: अजून सांगता येत नाही, पट्टीचाचणी चालू. कागद दुसऱ्या दिवशी लाल खुणा होऊन परत आला. समासात तिनं लिहिलं होतं, 'चालू' नको, 'चालू आहे' करा. नुसत्या 'चालू'चा अर्थ लोक भलताच लावतात. बाईंनी तो मसुदा वाचला, सही केली, आणि म्हणाल्या, "हिला आपल्याकडे नोकरीला घ्या. आपल्यात कुणालाच वाचता येत नाही."

फ्रीझरमध्ये वीसच्या आतल्या, कानाच्या जंतूंच्या एक्केचाळीस कुप्या निघाल्या. धाकटी रोज सहा उगवायला घालते, फूटपट्टी वाचतो, बाई पुन्हा वाचतात. कुणालाही घाई करता येत नाही, आणि कुणी करतही नाही. जेवणाच्या सुट्टीत आता आकड्यांवर पैजा लागतात, आणि पैज हरलेल्यानं कपबश्या विसळायच्या असतात. फूटपट्टीनं आजवर चार वेळा विसळल्या.

शुक्रवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांपर्यंतची स्थिती अशी. एक्केचाळीसपैकी सात कुप्यांतले जंतू उगवले नाहीत. चौतीस उगवले. त्यांपैकी बावीस गुलाबी औषधाला दाद देतात. नऊ देत नाहीत, आणि त्या नऊंतले सहा गेल्या आठ महिन्यांतले आहेत. त्यांची यादी कानाच्या डॉक्टरांनी मागवली आहे. तीन प्लेटा अजून उबेत आहेत. बावीस मुलांच्या घरी पत्रं पाठवायची का, आणि पाठवली तर त्यांत काय लिहायचं, यावर बैठक ठरलेली नाही. मुलीच्या डाव्या कानाचा पडदा भरून आला आहे. त्या कानानं तिला किती ऐकू येतं, हे अद्याप मोजलेलं नाही. चाचणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता आहे.